ऑइल फिल्टर निवडतो कोण?

लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पहिल्या गाडीचे स्वप्न काही हजार रुपयांनी जवळ आले. त्याच निर्णयात मोटारीच्या सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्क्यांचा एकच दर लागू झाला. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात या निर्णयाचे स्वागत व्हावे हे स्वाभाविक आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. बदलापूर तर त्याआधीच्या जनगणनेत लाखाच्याही आत होते. मुंबईत घर घेणे परवडत नाही म्हणून येथे आलेल्या नोकरदाराने आधी घराचे कर्ज काढले, मग गाडीचे. तो रोज लोकलने जातो. गाडी धावते ती स्थानकापर्यंत, शाळेपर्यंत, रविवारी नातलगांकडे आणि सणासुदीला गावी.

ही गाडी घेताना रंगापासून मायलेजपर्यंत प्रत्येक गोष्टीवर घरात चर्चा झालेली असते. पण फुकट सर्व्हिसिंगचा काळ संपला, वॉरंटीची मुदत सरली आणि गाडी घराजवळच्या गॅरेजमध्ये जाऊ लागली, की एक निर्णय गाडीमालकाच्या हातून नकळत निसटतो. ‘ऑइल आणि फिल्टर बदलून टाका’ एवढे सांगून तो निघून जातो. गॅरेजवाला दुकानात फोन करतो, दुकानातला पोऱ्या स्कूटरवरून फिल्टर आणून देतो, तो बसतो आणि संध्याकाळी हातात चिठ्ठी पडते: ऑइल, फिल्टर, लेबर. फिल्टर कोणत्या कंपनीचा होता, त्याचा क्रमांक काय होता, खोके सीलबंद होते का, यातले काहीही मालकाने पाहिलेले नसते. इंजिनाचे आयुष्य ज्या मोजक्या गोष्टींवर अवलंबून असते त्यांपैकी एकीची निवड अशी तिसऱ्याच माणसाने, बहुतेक वेळा दुकानात त्या क्षणी जे उपलब्ध आहे त्यावरून केलेली असते.

ही निवड एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी त्या डब्याच्या आत डोकवावे लागेल. इंजिन सुरू झाले की तळातील तेल पंपाने ओढले जाते आणि दाबाने प्रथम फिल्टरमध्ये, तेथून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगकडे, कॅमशाफ्टकडे आणि टर्बो असल्यास टर्बोच्या दांड्याकडे जाते. फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याची जाडी काही मायक्रॉन एवढीच असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. डोळ्यांना दिसतील असे कण तर कोणतीही जाळी अडवील. खरे नुकसान करतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण. पापुद्र्याच्या जाडीच्या आसपासचे हे कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये शिरून सॅंडपेपरासारखे काम करतात. काजळी, झिजलेल्या धातूचा चुरा आणि एअर फिल्टरमधून निसटलेली धूळ हे या कणांचे मूळ.

फिल्टरच्या डब्यात चुण्या घातलेला विशेष कागद असतो. तो रेझिनमध्ये भिजवून भाजलेला असतो, म्हणून गरम तेलात विरघळत नाही की फाटत नाही. चुण्या जितक्या जास्त तितके कचरा धरण्याचे क्षेत्रफळ अधिक. महागड्या फिल्टरांत या कागदात काचेचे किंवा कृत्रिम तंतू मिसळलेले असतात. फिल्टर किती बारीक कण किती प्रमाणात अडवतो हे ठरवण्यासाठी आयएसओ ४५४८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे; त्याच्या बाराव्या भागात मोजलेली धूळ मिसळलेले तेल फिल्टरमधून पुन:पुन्हा फिरवून त्याची क्षमता तपासतात. म्हणजे फिल्टरचा दर्जा हा केवळ मताचा विषय नाही, तो मोजता येतो. पण हे मोजमाप खोक्यावर क्वचितच छापलेले असते आणि काउंटरवर ते कोणी विचारतही नाही.

कागदाइतक्याच महत्त्वाच्या असतात दोन लहानशा झडपा. पहिली बायपास झडप. फिल्टर तुंबला किंवा थंड तेल घट्ट झाले तर कागदातून पुरेसे तेल जात नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडते आणि न गाळलेले का होईना, पण तेल इंजिनाला मिळते. इंजिनाला घाणेरडे तेल काही काळ चालते, कोरडे राहणे काही सेकंदही चालत नाही. झडपेची स्प्रिंग अती मऊ असेल तर ती सदैव उघडीच राहील आणि फिल्टर असून नसल्यासारखा होईल. अती कडक असेल तर ऐन वेळी उघडणार नाही आणि कागद फाटून त्याचेच तुकडे तेलमार्गात जातील. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असते, तेथे फिल्टरमध्ये ती नसली तरी बिघडत नाही. दुसरी झडप रबराची असते. इंजिन बंद झाल्यावर डब्यातले तेल खाली ओघळू नये हे तिचे काम. ती हलक्या रबराची असली की उष्णतेने कडक होते, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी गाडी सुरू करताच क्षणभर खडखडाट ऐकू येतो. ‘थंडीमुळे होतं’ असे सांगून बहुतेक ठिकाणी या आवाजाची बोळवण केली जाते. बदलापूरच्या थंडीला एवढे श्रेय देण्याचे कारण नाही.

या झडपा बाहेरून दिसत नाहीत, आणि नेमकी येथेच माशी शिंकते. डबा सारखा, आटे सारखे, रबरी कडे सारखे म्हणून ‘हाच बसतो’ असे म्हणून जो फिल्टर लावला जातो, तो बसतो हे खरे. पण तो त्या इंजिनासाठी असतोच असे नाही. आट्यांच्या बाबतीत तर फसगत फार सोपी आहे. अनेक जपानी बनावटीच्या गाड्यांत २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे मेट्रिक आटे असतात, तर इतर पुष्कळ गाड्यांत पाऊण इंचाचे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. मेट्रिक आट्यांचा फिल्टर पाऊण इंची दांड्यावर फिरतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड अपुरी असते. तेलाचा दाब वाढल्यावर तो कधी सैल होऊन निसटेल याचा नेम नसतो, आणि तसे झाले की सगळे तेल काही क्षणांत रस्त्यावर.

पद्मिनीच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती गाडी तीन दशकांहून अधिक काळ जवळपास त्याच इंजिनासह बाहेर पडत होती. कारागिराची स्मरणशक्ती हाच कॅटलॉग होता आणि तो पुरतही होता. आज एकाच नावाखाली किती इंजिने येऊन गेली याचे उदाहरण म्हणून स्विफ्ट घ्यावी. २००५ मध्ये ती १.३ लिटर पेट्रोल इंजिनासह आली. २००७ मध्ये फियाटच्या तंत्रज्ञानाचे १.३ लिटर डिझेल इंजिन आले, ज्यात डब्याऐवजी नुसते कागदी कार्ट्रिज बदलावे लागते. २०१० मध्ये के मालिकेचे १.२ लिटर पेट्रोल आले, २०२१ मध्ये त्याची सुधारित ड्युअलजेट आवृत्ती, आणि २०२४ मध्ये चारऐवजी तीन सिलिंडरचे झेड मालिकेचे इंजिन. मधल्या काळात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. तेव्हा ‘स्विफ्टचा फिल्टर द्या’ या वाक्याला दुकानात आता पुरेसा अर्थ राहिलेला नाही. हीच गोष्ट आय-१०, सिटी, पोलो अशा अनेक नावांची.

म्हणून निवडीचा पहिला निकष फिल्टरची कंपनी नव्हे, क्रमांक. गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा कंपनीच्या अधिकृत यादीत गाडीच्या चासी क्रमांकावरून नेमका पार्ट नंबर मिळतो. प्रत्येक नामवंत फिल्टर उत्पादक आपल्या कॅटलॉगमध्ये त्या क्रमांकासमोर आपला पर्यायी क्रमांक देतो. हे दोन क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवणे एवढेच काम गाडीमालकाने एकदा करायचे असते. त्यानंतर दुकानदाराशी बोलणे फार बदलते. ‘स्विफ्टचा’ म्हणून मागणाऱ्याला जे हाताशी आहे ते मिळते, क्रमांक सांगणाऱ्याला तोच द्यावा लागतो किंवा नाही म्हणावे लागते.

दुसरा प्रश्न ‘ओरिजिनल’चा. बाजारात या शब्दाइतका ताणलेला शब्द दुसरा नसेल. वस्तुतः दुकानात चार प्रकारचे फिल्टर असतात. एक, गाडीच्या कंपनीच्या नावाच्या खोक्यातला. दोन, बॉश, मान, महले, प्युरोलेटर, फरिदाबादचा एलोफिक किंवा पुण्याचा फ्लीटगार्ड यांसारख्या उत्पादकांनी स्वतःच्या नावाने विकलेला; यांतले अनेक जण वाहन कंपन्यांनाही फिल्टर पुरवतात. तीन, फारसे नाव नसलेल्या लहान उद्योगाने स्वतःच्याच नावाने केलेला स्वस्त फिल्टर. आणि चार, दुसऱ्याचे नाव छापलेला बनावट. गॅरेजच्या भाषेत मात्र पहिला तेवढा ‘कंपनीचा’ आणि बाकी सगळे ‘डुप्लिकेट’. या ढोबळ विभागणीने दोन बाजूंनी नुकसान होते. दुसऱ्या प्रकारातला उत्तम माल विनाकारण बदनाम होतो, आणि चौथ्या प्रकारातला माल खोके कंपनीचे असल्यामुळे पहिल्याच्या रांगेत जाऊन बसतो. तिसऱ्या प्रकारचा फिल्टर सुमार असेल, पण तो खोटे बोलत नाही. गाडीमालकाने तो जाणून घेतला तर ती त्याची निवड आहे. चौथ्या प्रकाराला निवड म्हणताच येत नाही.

बनावट म्हटले की या पट्ट्यात लगेच उल्हासनगरचे नाव निघते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले आणि हातात काही नसलेल्या माणसांनी पापड-लोणच्यापासून फर्निचर, जीन्स, विजेच्या उपकरणांपर्यंत उद्योग उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. त्या विनोदात थोडे कौतुक आणि बरीच कुचेष्टा होती. नक्कल करण्याचे कौशल्य आणि नकली माल खरा म्हणून खपवणे यांत फरक आहे. विनोदाने तो पुसून टाकला. फिल्टरच्या बाबतीत तर हा शिक्का आणखीच गैरलागू आहे. सुट्या भागांचा घाऊक व्यापार दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून मुंबईच्या ऑपेरा हाऊसपर्यंत पसरलेला आहे आणि बनावट माल त्याच वाटांनी देशभर फिरतो. अंबरनाथमध्ये तो तितक्याच सहज मिळू शकतो आणि पुण्यातही. एका शहराकडे बोट दाखवून इतर ठिकाणी डोळे मिटून खरेदी करणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल.

बनावट फिल्टर बाहेरून ओळखणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. छपाई सुधारली आहे, होलोग्रामही छापून मिळतात. तरीही काही गोष्टी सांगतात. आट्यांना बोट लावले तर खऱ्या फिल्टरचे आटे गुळगुळीत लागतात, धातूचा कीस हाताला लागत नाही. तळाशी असलेले रबरी कडे खाचेत नीट बसलेले असते. उलटे धरताच गळून पडत नाही. भोकांतून आत पाहिले तर रबरी झडप दिसते आणि काडीने हलके दाबल्यास ती मऊपणे मागे सरकते. वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क असावाच लागतो. अनेक कंपन्यांनी आता क्यूआर संकेत दिला आहे. तो स्कॅन केल्यावर उघडणारे संकेतस्थळ कंपनीचेच आहे ना, एवढे मात्र पाहावे. सर्वांत खात्रीची परीक्षा फिल्टर काढल्यानंतरची. जुना फिल्टर पत्र्याच्या कात्रीने उघडून पाहिला तर चुण्या समान अंतरावर आहेत का, कागद डिंकापासून सुटला आहे का, मधली जाळी दबली आहे का, हे दोन मिनिटांत कळते. चांगला कारागीर हे आनंदाने करून दाखवतो.

किमतीचे गणित येथे विचित्र आहे. लहान पेट्रोल गाडीचा चांगला फिल्टर शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. बनावट घेऊन वाचतात ते फार तर शंभर रुपये, आणि तेही बहुधा मालकाचे वाचत नाहीत. खोक्यावरची किंमत चिठ्ठीत लागते आणि फरक मधल्या साखळीत राहतो. उलट बेअरिंग गेले, इंजिन धरले तर ते उघडण्याचा खर्च हजारांत नव्हे, दहा-दहा हजारांत मोजावा लागतो. शिवाय झीज हळूहळू होत असल्यामुळे दोन वर्षांनी बिघडलेल्या इंजिनाचा दोष कोणत्या फिल्टरवर ठेवायचा हे ठरवता येत नाही. बनावट ब्रेक-पॅड लगेच पकडला जातो, फिल्टर क्वचितच. त्याचा धंदा बिनबोभाट चालतो त्याचे हे मुख्य कारण.

कायदा कमी नाही. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ अन्वये खोटे बोधचिन्ह लावणे आणि असा माल विकणे यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. पण या कायद्याखाली छापा घालण्यापूर्वी पोलिसांना बोधचिन्ह निबंधकांचे मत घ्यावे लागते, त्यामुळे कारवाई मुख्यतः कंपनीच्या तक्रारीवर आणि तिच्या चिकाटीवर अवलंबून राहते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने आणखी एक पाऊल टाकले. बनावट वस्तू म्हणजे खरी असल्याचा खोटा दावा केलेली वस्तू, अशी व्याख्या त्यात आहे आणि कलम ९१ अन्वये अशा वस्तूमुळे ग्राहकाला इजा झाल्यास कैदेची तरतूद आहे. ‘इजा’ या शब्दात शरीर आणि मनाबरोबर मालमत्तेची हानीही धरलेली आहे. नुकसानभरपाईसाठी ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, २०२५ पासून ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो. या सगळ्याचा पाया मात्र एकच: बिल. ज्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, फिल्टरचा क्रमांक नाही, ती घेऊन कोणत्याही आयोगापुढे उभे राहता येत नाही. कर वाचवण्यासाठी बिल नाकारणारा ग्राहक कराबरोबर हा हक्कही सोडून देतो.

ग्राहकाला आणि स्वतंत्र गॅरेजवाल्याला या अंधारात ढकलण्यात वाहन कंपन्यांचाही वाटा आहे, हे मान्य केल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमक्या याच कारणासाठी. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती केवळ अधिकृत विक्रेत्यांपुरती ठेवून कंपन्यांनी खुली बाजारपेठ बंद केली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. भाग खुल्या बाजारात उपलब्ध करा आणि केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश आयोगाने दिले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याचे संकेतस्थळही सुरू झाले. अधिकृत भाग आणि अचूक माहिती जेथे महाग किंवा दुर्मीळ असते, तेथे बनावट खोक्याला गिऱ्हाईक आपोआप मिळते. अंबरनाथच्या गल्लीतला कारागीर कॅटलॉग न पाहता फिल्टर लावतो तेव्हा दोष त्याचा आहेच. पण तो कॅटलॉग त्याच्यापर्यंत पोहोचू न देणाऱ्यांचाही आहे.

योग्य फिल्टर घेतला तरी तो किती दिवस ठेवायचा, हा प्रश्न या शहरांत वेगळ्या प्रकारे विचारावा लागतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी मुदत असते. त्याच पुस्तिकेत मागच्या पानांवर ‘तीव्र वापर’ अशी एक तळटीप असते: थोड्या अंतराच्या वारंवार फेऱ्या, थांबत-थांबत चालणारी वाहतूक, धुळीचे रस्ते. काटई-बदलापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीही समजावून सांगायला नको. स्थानकापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापत नाही. ज्वलनातून आलेले पाणी आणि इंधनाचा अंश तेलातून उडून जात नाही. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवते, हेही लक्षात घेतले पाहिजे. वर्षाला चार हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे तेल चांगले असणार, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. अशा गाडीने किलोमीटरपेक्षा महिने मोजावेत. तेल आणि फिल्टर एकत्रच बदलावेत. नव्या तेलात जुना फिल्टर ठेवणे म्हणजे स्नान करून तेच कपडे चढवणे.

पावसाळ्याचा विचार आणखी वेगळा. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन तारखा बदलापूरकर विसरलेले नाहीत. दुसऱ्या वेळी वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्याच पाण्यात सोसायट्यांच्या वाहनतळांवरच्या गाड्याही होत्या. इंजिनात पाणी गेलेली गाडी सुरू करून पाहणे हा सर्वांत महागडा प्रयोग. डिपस्टिकवरचे तेल दुधट दिसले तर तेल आणि फिल्टर दोन्ही काढून टाकावेत, आणि नवे भरल्यावर काही किलोमीटरांनी पुन्हा एकदा बदलावेत. फिल्टरच्या कागदाला पाणी मानवत नाही. जुनी गाडी विकत घेताना ती त्या पाण्यातून गेली होती का हे विचारण्याचे कारणही हेच.

बसवण्याच्या पद्धतीत फिल्टर घरी बदलणारा आणि गॅरेजमध्ये समोर उभा राहणारा, दोघांनी पाहाव्यात अशा दोन-तीन गोष्टी आहेत. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले तर गळती ठरलेली. नव्या कड्याला बोटाने तेल लावून, ते टेकल्यानंतर हाताने पाऊण फेरा आवळणे एवढे साधारणपणे पुरते. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फाटून निघतो. गाडी सुरू केल्यावर तेलाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे.

काढलेल्या फिल्टरचे काय होते, हे कोणी विचारत नाही. त्यात कपभर तरी तेल शिल्लक असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते एका मोटारीतून एका वेळी काढलेले जुने तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमधून वाहते. बदलापूर-अंबरनाथला पाणी देणारी उल्हास नदीही येथलीच. या दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दावे गेले आणि त्यांत बोट दाखवले गेले ते कारखाने व पालिकांकडे, जे योग्यच होते. पण रस्त्याकडेच्या गॅरेजच्या गटारातून वाहणाऱ्या काळ्या तेलाची वाटही तिकडेच जाते. वापरलेल्या तेलासाठी उत्पादकांची विस्तारित जबाबदारी सप्टेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे: तेल विकणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात जुने तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांकडून शुद्ध करून घ्यायचे. गल्लीतल्या गॅरेजपर्यंत ही साखळी पोहोचावी लागेल. तोवर जुने तेल पिंपात जमा करून अधिकृत संकलकाला देणारे आणि फिल्टर रात्रभर निथळत ठेवणारे गॅरेज निवडणे मालकाच्या हातात आहे.

आणि रिकामे खोके. बनावट माल विकणाऱ्यांना छापखान्यापेक्षा स्वस्त पडते ते खरे, न फाटलेले खोके. त्यात काहीही भरले की ते ‘कंपनीचे’ होते. फिल्टर बसवून झाल्यावर ते खोके मागून घ्यावे, क्रमांक बिलाशी ताडून पाहावा आणि तिथेच फाडून टाकावे.